हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा बिघाड कसा शोधावा : नागपूरच्या उन्हात, धुळीत आणि काळ्या मातीत माउंटन बाइक चालवणाऱ्यांसाठी

पहाटे अंबाझरी, फुटाळा किंवा गोरेवाड्याच्या रस्त्यावर दिसणाऱ्या अनेक माउंटन बाइकना आता हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतात. हा ब्रेक नीट असतो तेव्हा एका बोटाने लागतो, आणि बिघडतो तेव्हा त्याची तक्रार बहुधा ‘ब्रेक लागत नाही’ एवढ्या एकाच वाक्यात सांगितली जाते. या एका वाक्यामागे पाच-सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि त्यांतल्या बऱ्याच बिघाडांचा ऑइलशी काहीही संबंध नसतो. तरीही दुकानात पहिला सल्ला मिळतो तो ब्लीडिंगचा, म्हणजे नळीतली हवा काढण्याचा. त्यात पैसे जातात, वेळ जातो आणि पॅडला तेल लागलेले असेल तर दुसऱ्या दिवशी ब्रेक पुन्हा तसाच होतो. माझ्या मते ब्लीडिंगची पाळी अगदी शेवटी यायला हवी. पुढील क्रम त्याच विचाराने लावला आहे.

ब्रेकच्या आत काय घडते

लिव्हर दाबला की त्याच्या बुडाशी असलेला छोटा पिस्टन पुढे सरकतो आणि नळीतल्या ऑइलवर दाब देतो. दाबाखाली ऑइलचे आकारमान जवळजवळ घटत नाही, त्यामुळे तो दाब तसाच कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कवर बसवलेल्या चिमट्यासारख्या भागापर्यंत, पोहोचतो आणि तिथले दोन किंवा चार पिस्टन दोन्ही बाजूंनी पॅड डिस्कवर आवळतात. लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे घेण्याचे काम मुख्यतः त्यांच्याभोवतीची चौकोनी छेदाची रबरी सील करते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळली जाते आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला सोबत मागे ओढते. पॅड झिजत जातात तसतसा पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरून नवी जागा धरतो. म्हणूनच या ब्रेकला केबलच्या ब्रेकसारखे वारंवार कसावे लागत नाही. लिव्हरजवळ ऑइलची छोटी टाकी असते. पॅड झिजल्यामुळे लागणारे जास्तीचे ऑइल ती पुरवते आणि उष्णतेने फुगलेल्या ऑइलला जागाही देते.

हे समजले की निदान पुष्कळ सोपे होते, कारण ब्रेकचे दोन अर्धे भाग डोळ्यांपुढे वेगळे दिसू लागतात. लिव्हरपासून पिस्टनपर्यंत ऑइलचा भाग, आणि पॅडपासून डिस्कपर्यंत घर्षणाचा भाग. लिव्हर हाताला कसा लागतो यावरून पहिल्या भागाची प्रकृती कळते, तर सायकल कशी थांबते यावरून दुसऱ्याची.

पाना हातात घेण्यापूर्वी

सायकल सपाट जागी सरळ उभी करावी. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींमध्ये उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, पण काहींमध्ये उलटी जोडणीही आढळते, म्हणून आधी ते पाहून घ्यावे. मग एकेक लिव्हर जोरात दाबून अर्धा मिनिट धरून ठेवावा. लिव्हर हँडलपासून दूर, एका ठरावीक जागी ठाम थांबला आणि तिथून हलला नाही तर ऑइलचा भाग बहुधा ठीक आहे. तो स्पंजासारखा दबत गेला तर आत हवा असण्याची शक्यता मोठी आहे. आधी घट्ट लागून नंतर सावकाश हँडलकडे सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा लिव्हरमधली सील खराब झाली आहे. अशी सायकल दुरुस्त होईपर्यंत चालवू नये.

त्यानंतर चाक उचलून फिरवावे आणि घासण्याचा आवाज ऐकावा. तो सतत येतो की प्रत्येक फेरीत एकदाच, हे लक्षात ठेवावे. शेवटी मोबाइलचा टॉर्च कॅलिपरमध्ये टाकून पॅडची जाडी पाहावी. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात.

लिव्हर घट्ट आहे, पण सायकल थांबत नाही

हा घर्षणाचा दोष आहे. नागपुरात त्याची सर्वांत मोठी कारणे मला तेल आणि पॉलिश ही वाटतात. मोटारसायकल धुण्याच्या केंद्रांवर गाडीवर डिझेल किंवा चकाकी आणणारा स्प्रे मारतात, आणि सायकल तिथे नेली की तिच्यावरही तोच स्प्रे बसतो. त्याचा बारीकसा थर डिस्कवर बसला तरी पॅड तो शोषून घेतात. साखळीला स्प्रेने तेल देताना मागच्या डिस्कवर उडालेले तुषार, डिस्कला लागलेली तेलकट बोटे आणि कॅलिपरच्या पिस्टनमधून झिरपणारे ऑइल ही बाकीची कारणे. डिस्क ओरडते म्हणून तिच्यावर तेलाचा थेंब सोडणारे मिस्त्रीही रस्त्याकडेला भेटतात. त्यांना नम्रपणे पण ठामपणे थांबवावे, कारण तो थेंब पॅडची जोडी कायमची निकामी करतो.

तपासण्यासाठी चाक काढावे, पॅडची पिन किंवा स्क्रू सोडवून दोन्ही पॅड आणि त्यांच्यामधली स्प्रिंग बाहेर काढावी. कोणता पॅड कोणत्या बाजूचा होता याचा फोटो घेऊन ठेवावा. पॅडचा पृष्ठभाग एकसारखा, मंद आणि खरखरीत दिसायला हवा. तो काचेसारखा चकचकीत असेल तर उष्णतेने त्यावर कडक थर चढला आहे. अशा वेळी सपाट फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, तो पाण्याने ओला करून, पॅड आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासावा. कोरडे घासू नये. ती भुकटी फुप्फुसात जाण्यासारखी नाही. पॅडवर गडद, ओलसर डाग असतील तर मात्र घासण्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण तेल आतपर्यंत मुरलेले असते. गॅसवर पॅड भाजून तेल जाळण्याचा उपाय अनेकजण सांगतात. मी तो करू नये असे म्हणेन. घर्षणाचा थर धातूच्या पट्टीला ज्या जोडाने चिकटलेला असतो तो जोड उष्णतेने सैल झाला तर तो थर ऐन उतारावर सुटू शकतो, आणि नव्या पॅडची किंमत त्या धोक्यापुढे काहीच नाही.

पॅड बदलण्याआधी डिस्क स्वच्छ करणे अपरिहार्य आहे, नाहीतर डिस्कवरचे तेल नव्या पॅडमध्ये जाते. औषधांच्या किंवा सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या सुती कापडावर घेऊन डिस्क दोन्ही बाजूंनी पुसावी आणि कापडावर काळे येणे थांबेपर्यंत दर वेळी कापडाचा नवा भाग वापरावा. आजूबाजूला देवाचा दिवा किंवा पेटता गॅस नसावा, कारण हे द्रव्य चटकन पेट घेते. पॅडला तेल कॅलिपरमधून येत असेल तर आधी ती गळती थांबवावी लागते. काही कंपन्या कॅलिपरच्या सील सुट्या देतात. शिमानोच्या बाबतीत सहसा पूर्ण कॅलिपरच बदलावा लागतो.

पॅड झिजण्याच्या मर्यादा पाठ असाव्यात. शिमानोच्या पॅडवर घर्षणाचा थर ०.५ मिमीपर्यंत आला की ते बदलायचे. स्रॅमच्या पॅडमध्ये मागच्या धातूच्या पट्टीसह एकूण जाडी ३ मिमीपेक्षा कमी झाली की बदलायचे. डिस्कही झिजते. १.८ मिमी जाडीची शिमानोची डिस्क १.५ मिमीवर आली की तिचे आयुष्य संपले. हा आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो आणि साध्या व्हर्नियर कॅलिपरने मोजता येतो. पावसाळ्यात हिंगणा किंवा काटोल रस्त्याकडच्या काळ्या मातीच्या वाटांवर सायकल नेणाऱ्यांनी पॅड दर आठवड्याला पाहावेत, कारण तो चिखल डिस्कला धरून राहतो आणि पॅड झपाट्याने खातो. चिखलात धातूमिश्रित, म्हणजे सिंटर्ड पॅड जास्त टिकतात; मात्र स्वस्त सायकलींच्या डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असे कोरलेले असेल तर ते लावू नयेत. त्या डिस्कचे पोलाद मऊ असते आणि सिंटर्ड पॅड तिला लवकर झिजवतात.

लिव्हर हँडलपर्यंत जातो

येथे तीन शक्यता आहेत. पहिली, पॅड संपत आले आहेत. दुसरी, पिस्टन नव्या जागी आलेलेच नाहीत, जसे नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलल्यावर होते. तिसरी, आत हवा आहे. लिव्हर दहा-पंधरा वेळा लागोपाठ दाबावा, मग सायकल पाच मिनिटे तशीच ठेवून पुन्हा दाबून पाहावा. आता तो घट्ट लागला आणि घट्टच राहिला तर पिस्टन फक्त मागे होते, काम झाले. दाबताना घट्ट होऊन थोड्या वेळाने पुन्हा मऊ पडला तर हवेचा संशय बळावतो.

पंक्चर काढण्यासाठी सायकल उलटी ठेवल्यावर हा प्रकार हमखास दिसतो. लिव्हरच्या टाकीत थोडी हवा असेल तर सायकल उलटी होताच ती नळीकडे चढते आणि सरळ केल्यावर पहिला लिव्हर पोकळ जातो. अशा वेळी सायकल सरळ उभी करून लिव्हर हँडलला रबराने बांधून रात्रभर ठेवल्यास बारीक बुडबुडे टाकीकडे परततात आणि ब्रेक तात्पुरता सुधारतो. पण टाकीत हवा आहे याचा तो पुरावाही आहे, म्हणून सवड मिळताच ब्लीडिंग करावे.

गळतीचा संशय असेल तर नळीच्या दोन्ही टोकांच्या जोडांना आणि कॅलिपरच्या खालच्या बाजूला टिश्यू पेपर गुंडाळावा, लिव्हर तसाच बांधून ठेवावा आणि सकाळी कागद पाहावा. जो कागद ओला, तिथे गळती. लिव्हर हँडलपासून जवळ-दूर करणाऱ्या स्क्रूने यांपैकी कोणताही दोष जात नाही. तो स्क्रू बोटांच्या लांबीसाठी आहे.

चाक घासते

सर्वप्रथम चाक फ्रेममध्ये पूर्ण बसले आहे ना हे पाहावे, कारण तिरके बसलेले चाक हे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. क्विक रिलीज सोडून सायकलचा भार चाकावर देत ते पुन्हा आवळावे. घासणे गेले नाही तर कॅलिपर जागेवर आणावा. त्याचे दोन बोल्ट ५ मिमीच्या एलन कीने इतके सैल करावेत की कॅलिपर डावीकडे-उजवीकडे हलेल. मग लिव्हर दाबून धरावा, त्यामुळे कॅलिपर डिस्कच्या मधोमध येतो, आणि त्याच स्थितीत दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. शिमानो यासाठी ६ ते ८ न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचे माप, टॉर्क पान्यावर दिसते) सांगते. मागे पांढरा कागद धरून पाहिले की डिस्कच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची बारीक रेघ दिसायला हवी.

एका बाजूचा पिस्टनच पुढे येत असेल तर असे मध्यावर आणणे टिकत नाही. धुळीने अडकलेला पिस्टन मोकळा करण्यासाठी पॅड काढून, हलणारा पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने रोखून धरावा आणि ब्रेकचा लिव्हर हळूहळू दाबून अडकलेला पिस्टन फक्त दोन-तीन मिमी बाहेर आणावा. कानाच्या कापसाच्या काडीने त्याची कड पुसावी, त्याच ब्रेकच्या ऑइलचा अर्धा थेंब लावावा आणि पिस्टन सरळ मागे ढकलावा. दोन-तीनदा केले की दोन्ही पिस्टन सारखे चालू लागतात. शेवटी जादा ऑइल पुसून घ्यावे. स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नये. काही ब्रेकचे पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि तडकतात.

प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी घासत असेल तर डिस्क वाकलेली आहे. ती जागा मार्करने खूण करून, डिस्क सरळ करण्याच्या खाचेच्या पान्याने किंवा स्वच्छ पुसलेल्या स्क्रू पान्याने अगदी थोडी उलट दिशेला वाकवावी आणि दर वेळी चाक फिरवून पाहावे. डिस्क गरम असताना हात लावू नये. लांब उतारानंतर ती बोटे भाजण्याइतकी तापलेली असते.

आता नागपूरच्या उन्हाळ्याशी थेट जोडलेला बिघाड. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गच्चीवर किंवा उघड्या पार्किंगमध्ये ठेवलेली सायकल त्याहून खूप जास्त तापते. पहाटे उत्तम चालणारी सायकल दुपारी बाहेर काढली की दोन्ही चाके जड जातात आणि संध्याकाळी गारवा आल्यावर आपोआप मोकळी होतात. याचा अर्थ ब्रेकमध्ये ऑइल गरजेपेक्षा जास्त भरले गेले आहे. हे बहुतेक वेळा असे घडते : झिजलेल्या पॅडमुळे पिस्टन पुढे आलेले असताना कोणीतरी टाकी काठोकाठ भरतो, मग नवे पॅड लागतात, पिस्टन मागे जातात, आणि फुगणाऱ्या ऑइलला टाकीत जागाच उरत नाही. ते पिस्टनना बाहेर ढकलते आणि पॅड डिस्कला टेकतात. यावर कॅलिपर कितीही हलवला तरी उपयोग नाही. लिव्हरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे टाकीवरचा छोटा स्क्रू, उघडून, त्यावर फनेल लावून, पिस्टन पूर्ण मागे ढकलावेत आणि वर आलेले जादा ऑइल काढून घ्यावे. सायकल सावलीत ठेवणे चांगलेच, पण बरोबर भरलेला ब्रेक उन्हातही घासत नाही.

आवाज

पावसात किंवा धुतल्यानंतर थोडा वेळ ओरडणारी डिस्क पाच-सात वेळा ब्रेक मारल्यावर गप्प होत असेल तर काळजी नको. कोरड्या रस्त्यावर सतत कर्कश आवाज आणि सोबत कमी पकड असेल तर तेल लागले आहे. वरचे उपाय करावेत. पकड उत्तम आणि तरीही थरथरता आवाज येत असेल तर डिस्कचे सहा बोल्ट, हबची बेअरिंग, हँडलचा हेडसेट (हँडल जिथे वळते तिथली बेअरिंग) आणि कॅलिपरचे बोल्ट यांपैकी काहीतरी सैल आहे. डिस्कचे बोल्ट टी-२५ टॉर्क्स पान्याचे असतात आणि ते समोरासमोरचे जोड घेत ताऱ्याच्या क्रमाने आवळायचे असतात.

ऑइल कोणते, हे ठरवल्याशिवाय बाटली उघडू नये

या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सायकलचे हायड्रॉलिक ब्रेक दोन जातींचे असतात. शिमानो, टेक्ट्रो आणि मागुरा मिनरल ऑइल वापरतात. स्रॅमचे बहुतेक ब्रेक डॉट ५.१ वर चालतात (डॉट ही गाड्यांच्या ब्रेक ऑइलची जात, पुढचा आकडा तिची प्रत), पण त्यांच्याच डीबी ८ आणि मेव्हन या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, म्हणून केवळ कंपनीच्या नावावरून ठरवू नये. टाकीच्या झाकणावर किंवा लिव्हरच्या अंगावर ते लिहिलेले असते. मोटारसायकलच्या दुकानात मिळणारे ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ असते. ते मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये गेले की सील फुगतात, पिस्टन अडकतात, आणि मग कितीही धुतले तरी ब्रेक पूर्ववत होत नाही. लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही बदलावे लागतात. उलट बाजूनेही तेवढेच नुकसान होते. आपली सायकल मोटारसायकलच्या मिस्त्रीकडे देत असाल तर योग्य ऑइलची बाटली स्वतः विकत घेऊन सोबत द्यावी.

डॉट ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. ताजे डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेले मात्र १५५ अंशांच्या आसपास उकळू शकते. म्हणून ते वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर बदलावे. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही. पण आत शिरलेले पाणी त्यात मिसळत नसल्याने जड होऊन तळाशी, म्हणजे नेमके सर्वाधिक तापणाऱ्या कॅलिपरमध्ये साचते आणि १०० अंशांना उकळते. नागपूरच्या सपाट रस्त्यांवर हे जाणवणार नाही. चिखलदऱ्याच्या घाटातून उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर जाणवेल : वाफ होते, वाफ दबते आणि लिव्हर एकदम हँडलला टेकतो. अशा उतारावर वेग वाढू देऊन थोडा वेळ ठाम ब्रेक मारावा, मग सोडून डिस्कला वारा लागू द्यावा.

ब्लीडिंग

वरील सर्व पाहून झाल्यावरही लिव्हर स्पंजी असेल तरच येथे यावे. शिमानो पद्धतीच्या ब्रेकची रीत देतो. स्रॅममध्ये दोन्ही टोकांना सिरिंज लागतात आणि क्रम वेगळा आहे, त्यासाठी त्या मॉडेलची पुस्तिका पाहावी.

चाक आणि पॅड काढून दूर ठेवावेत, पिस्टन पूर्ण मागे ढकलून त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा ब्लीड ब्लॉक, म्हणजे पिस्टन मागेच रोखणारा ठोकळा, बसवावा. सायकल अशी धरावी की कॅलिपरपासून लिव्हरपर्यंत नळी चढती राहील, कारण हवा वर जाते आणि मध्ये उंचवटा असला तर तिथेच अडकते. लिव्हर फिरवून टाकी आडवी करावी, ब्लीड स्क्रू त्याच्या ओ-रिंगसह जपून काढावा आणि फनेल लावून त्यात थोडे ऑइल घालावे. कॅलिपरच्या निपलवर (ऑइल आत-बाहेर सोडण्याच्या छोट्या तोटीवर) आधी ७ मिमीचा रिंग पाना अडकवावा, मग ताज्या ऑइलने भरलेल्या, बुडबुडे काढून टाकलेल्या सिरिंजची नळी लावावी (नव्या काही कॅलिपरना ३ मिमीची एलन की लागते). निपल एक अष्टमांश फेरा उघडून ऑइल सावकाश वर ढकलावे. फनेलमध्ये काळपट ऑइल आणि बुडबुडे येतील. बुडबुडे थांबले की निपल बंद करावे.

आता सिरिंजऐवजी निपलला नळी आणि पिशवी लावून निपल उघडावे आणि ऑइल वरून खाली वाहू द्यावे. फनेल कधीही रिकामे होऊ देऊ नये. वाहत असताना कॅलिपरवर आणि नळीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावे, म्हणजे भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. निपल बंद करून लिव्हर दाबून धरावा, निपल अर्धा सेकंद उघडून लगेच मिटावे आणि असे दोन-तीनदा करावे. नंतर निपल ४ ते ६ न्यूटन मीटरने आवळावे. शेवटी लिव्हर सावकाश दाबत-सोडत राहावे आणि टाकीचा कोन आधी वर, मग खाली सुमारे ३० अंश बदलावा. सर्वांत हट्टी बुडबुडे याच वेळी फनेलमध्ये येतात. येथे घाई करू नये. लिव्हर ठाम झाला की फनेलला बूच लावून ते काढावे आणि ऑइल काठोकाठ दिसत असताना ओ-रिंगसह स्क्रू बसवावा. सगळीकडे अल्कोहोलने पुसल्यानंतरच पॅड आणि चाक लावावे. डॉट ऑइल असेल तर हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि फ्रेमच्या रंगावर सांडलेले लगेच पाण्याने धुवावे. वापरलेले ऑइल नालीत ओतू नये.

नवे पॅड बसवून घेणे

नवा पॅड किंवा नवी डिस्क पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाही. पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा चढावा लागतो. सेमिनरी हिल्सजवळच्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर भल्या पहाटे जाऊन ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घ्यावा आणि एकेका ब्रेकने चालण्याच्या वेगापर्यंत यावे, पण पूर्ण थांबू नये; गरम डिस्कवर पॅड स्थिर राहिला तर एका जागी जाड ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक धडधडतो. असे प्रत्येक ब्रेकसाठी वीसेक वेळा करावे. त्याआधी, घराच्या फाटकाशीच, दोन्ही लिव्हर पूर्ण जोराने दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी. पहिली फेरी झाल्यावर कॅलिपरचे आणि डिस्कचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत आणि नळीच्या जोडांवरून कोरडे बोट फिरवून ऑइल लागते का ते पाहावे.